दमल्याचा पुरावा

"सर, आज दुपारची पाळी दुसऱ्या कुणाला देता येईल का? मी फार दमलेय."

हे एवढंसं वाक्य हर्षदा सरनोबतने घरून निघताना मनात जुळवलं होतं आणि वाटेत दोनदा मोडलं होतं. पाळीप्रमुख देवेंद्र पाटोळे तसा खडूस माणूस नव्हता. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, तिच्याकडे वळला आणि हल्ली सगळेच बघतात तसं चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघितलं. मनगटाच्या थोडं वर, आतल्या बाजूला, कातडीला चिकटलेली नखाएवढी पट्टी. तिच्यावर हिरवा आकडा. अकरा.

"अकरा," पाटोळे म्हणाला. "मॅडम, माझा सकाळीच बेचाळीस आलाय. तुम्ही दमलात तर आम्ही कुठं जायचं?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. हर्षदाही हसली. आकडा अकरा असताना दमले म्हणणं म्हणजे पोटभर जेवून उठल्यावर भूक लागली म्हणण्यासारखं होतं. ती आपल्या केबिनमध्ये गेली, काचेचं दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसली.

वेताळखाडीचं बंदर खाली कोकणात होतं, आणि तिथल्या क्रेन चालवणारी माणसं वर कोल्हापुरात बसत. एका लांबलचक हॉलमध्ये काचेच्या केबिनची रांग, प्रत्येक केबिनमध्ये एक माणूस, समोर तीन पडदे, दोन्ही हातांखाली दोन दांडे. पडद्यावर समुद्र असे, पण त्याला ना आवाज ना वास. जहाजातून कंटेनर उचलायचा, हवेतून किनाऱ्यावर आणायचा, ट्रेलरवर अलगद ठेवायचा. सहा वर्षं हर्षदा हेच करत होती, आणि सहा वर्षांत ती बंदरावर एकदाही गेली नव्हती. खाली दिसणारी माणसं तिला हेल्मेटच्या रंगांवरून माहीत होती. नावं माहीत नव्हती.

क्लांतिन सापडायच्या आधी थकवा माणसाच्या शब्दावर चालायचा. दमलो म्हटलं की समोरच्याने ते मानायचं, किंवा मनात शंका घेऊन गप्प बसायचं. कपाळामागे असलेला मेंदूचा भाग लक्ष धरून ठेवतो, निर्णय घेतो, मनाला आवर घालतो. तो बराच वेळ राबला की पेशींच्या सांध्यांपाशी ग्लुटामेट नावाचं रसायन साचत जातं, आणि विश्रांतीत, झोपेत त्याचा निचरा होतो. पण ते मोजायचं तर माणसाला मोठ्या यंत्रात आडवं करावं लागे. मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेला आढळलं की ग्लुटामेट साचू लागलं की मेंदूच्या पेशी प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा बाहेर सोडतात. तो रक्तात उतरतो आणि तिथून कातडीखालच्या पाण्यात येतो. त्या तुकड्याला त्यांनी नाव दिलं क्लांतिन. कातडीत दुखेल न दुखेल इतक्या बारीक सुयांच्या पट्टीने तो मोजता येऊ लागला. शून्य म्हणजे ताजातवाना, शंभर म्हणजे कोसळण्याच्या बेतात. साठच्या वर गेलेल्या माणसाकडून जोखमीचं काम करून घेणं कायद्याने गुन्हा ठरलं.

पट्टीने पुष्कळ भलं केलं, हे हर्षदाला कधी नाकारता आलं नाही. तिचा मावसभाऊ ट्रक चालवायचा. "गाडी बाजूला घे आणि झोप" हे मालकाच्या तोंडून त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते पट्टीमुळे. दवाखान्यातल्या नर्सना सलग दोन पाळ्या करायला लावणं बंद झालं. दमलेल्या माणसाला आता कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नव्हतं. हात पुढे केला की झालं.

घरात पट्टी आणली ती विश्वजीतने. हर्षदाचा नवरा ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचा. त्याचे वडील, आबा, लकव्याने उजव्या अंगाने लुळे पडले, त्यांची वाचाही गेली, आणि तेव्हापासून घरात रोज एकच भांडण होऊ लागलं: आता कोण उठणार? आबांना कुशीवर कोण वळवणार, पेज कोण भरवणार, चादर कोण बदलणार? विश्वजीतने एके दिवशी शांतपणे तोडगा काढला. "भांडायचं कशाला? ज्याचा आकडा कमी, त्यानं उठायचं. तुझा कमी असेल तर तू, माझा कमी असेल तर मी. कुणावर अन्याय नको."

हर्षदाला ते पटलं होतं. आवडलंसुद्धा होतं. त्या दिवसापासून भांडण खरोखरच थांबलं. विश्वजीत कॉलेजातून यायचा तेव्हा त्याचा आकडा पंचावन्नच्या आसपास असायचा. हर्षदाचा नऊ, चौदा, अकरा. ती उठायची. विश्वजीत कधी वरच्या आवाजात बोलला नाही, कधी हुकूम सोडला नाही. तो फक्त हात टेबलावर उताणा ठेवायचा. तीही ठेवायची. मग ती उठायची.

पहिल्या वर्षी तिला वाटलं, पट्टी बिघडली असेल. तिने ती दोनदा बदलून आणली. दुसऱ्या वर्षी वाटलं, आपल्याला रक्तक्षय असेल. तपासण्या स्वच्छ आल्या. त्यानंतर तिने शोधायचं सोडून दिलं आणि एक उत्तर गुपचूप मान्य केलं: आपण आळशी आहोत. अंगात ताकद असून आपलं मन कामचुकार आहे. हे उत्तर तिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. दमल्यासारखं वाटलं की ती स्वतःलाच दटावायची आणि आणखी एक काम हातात घ्यायची. मैत्रिणी विचारायच्या, एवढं सगळं कसं गं जमतं तुला? ती हात पुढे करून आकडा दाखवायची. त्या म्हणायच्या, भाग्यवान आहेस. हळूहळू तिने मैत्रिणींकडे जाणं कमी केलं. भाग्यवान माणसाने काय बोलावं, हे तिला सुचत नसे.

त्या दुपारी वेताळखाडीत एक जहाज रिकामं होत होतं. खाली जमिनीवर माणसं होती. कंटेनर ट्रेलरवर टेकायच्या वेळी त्याच्या चार कोपऱ्यांतल्या कुलपांच्या खुंट्या हाताने फिरवाव्या लागतात, आणि त्याला माणूसच लागतो. आसपास माणूस दिसला की क्रेन आपोआप थांबायची सोय होती. पण या शेवटच्या टप्प्यात माणूस जवळ असणारच, म्हणून तेवढ्यापुरती ती सोय बंद ठेवून सगळा भरवसा चालकावर टाकलेला असे. आणि चालकावर भरवसा कशाच्या जोरावर? त्याच्या आकड्याच्या.

हर्षदाचे डोळे उघडे होते. हे तिने नंतर सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंही होतं. केबिनमधल्या कॅमेऱ्यातही तिचे डोळे उघडेच दिसत होते. पिवळं हेल्मेट घातलेला माणूस मागच्या कोपऱ्याशी वाकला होता. त्याने हात वर केला. थांबा, अशी ती खूण होती. तो हात तिच्या डोळ्यांत शिरला, पण पुढे कुठे पोचलाच नाही. मधला एक तुकडा कुणीतरी कापून नेल्यासारखा गेला. पुन्हा पडदा दिसला तेव्हा कंटेनर टेकलेला होता, आणि पिवळं हेल्मेट जमिनीवर घरंगळत होतं.

आवाज आलाच नाही. पडद्यावर माणसं धावत होती, एकाचं तोंड उघडं होतं, आणि केबिनमध्ये फक्त वातानुकूलनाची घरघर होती.

चौकशी समितीपुढे तिला दोनदा बोलावलं. तीन माणसं होती, तिघंही सौम्य बोलत होती.

"तुम्ही पाळीच्या आधी दमल्याची तक्रार केली होती, असं तुमचं म्हणणं आहे."

"हो."

"आणि तेव्हा तुमचा आकडा अकरा होता. अपघाताच्या क्षणी तेरा."

"हो."

"म्हणजे थकवा नव्हता. मग लक्ष कशानं गेलं, हर्षदाबाई? घरी काही ताण आहे का? फोन बघत होतात का?"

थकवा नव्हता म्हटल्यावर उरत होता तो हलगर्जीपणा. आपल्या बाजूने बोलेल असं जगात एकच काहीतरी होतं, तिच्या हातावर चिकटलेलं, आणि ते तिच्या विरुद्ध बोलत होतं.

घरी विश्वजीतने तिच्यासाठी चहा केला. त्याचा आकडा साठ होता, तरी केला. हे तिच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आलं याचंच तिला वाईट वाटलं.

"खरं सांग," तो समोर बसत म्हणाला. "तुझ्या मनात काही आहे का? माझ्यावर राग आहे? आबांचा कंटाळा आलाय?"

"मी दमले होते, विश्वजीत."

"अगं, पण ते शक्य नाही ना. मी तुला खोटं पाडत नाहीये. मी आपलं समजून घ्यायचा प्रयत्न करतोय."

तो खरोखरच प्रयत्न करत होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, अवघड गणित समोर असल्यासारख्या. हर्षदाने कप उचलला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आपला हा माणूस चांगला आहे, आणि आपण त्याच्यापासून इतक्या लांब आहोत की हाक मारली तरी ऐकू जाणार नाही, असं तिला वाटलं.

समितीने कामावरून काढण्याआधी वैद्यकीय तपासणीचा शिरस्ता म्हणून तिला डॉ. बेनझीर जमादार यांच्याकडे पाठवलं. मेंदूविकारांच्या डॉक्टर, साठीच्या आसपासच्या, डोक्यावर आखूड पांढरे केस. त्यांनी हर्षदाच्या हाताकडे बघितलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "कसं वाटतं तुम्हाला?"

हर्षदाला प्रश्न कळायला वेळ लागला. हा प्रश्न तिला कुणी विचारल्याला किती काळ लोटला होता, ते तिला आठवेना. ती म्हणाली, "माझा आकडा नेहमी—"

"आकडा नाही. तुम्हाला."

डॉक्टरांनी मग एक साधा काळा डबा तिच्यापुढे ठेवला. त्याला एक तांबडा दिवा आणि एक बटण. दिवा लागला की बटण दाबायचं, बस. दहा मिनिटं. हर्षदाला ते पोरखेळ वाटलं. दहा मिनिटांनी तिने मान वर केली आणि म्हणाली, "एकही चुकला नाही बहुतेक."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "तेवीस वेळा दिवा लागला आणि तुम्हाला दिसलाच नाही. डोळे उघडे होते तुमचे, मी बघत होते. पण मेंदू अधूनमधून एखाद्या क्षणापुरता झोपत होता. फार दमलेल्या माणसाचं असं होतं. बाई, तुम्ही किती वर्षं झोपेच्या काठावर चालताय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला मोठ्या यंत्रात आडवं केलं. कपाळामागचं ग्लुटामेट प्रत्यक्ष मोजलं. मग कागदावर एक रेघ ओढून समजावलं. "हा तुमचा मेंदू. इथं थकवा साचलाय, इतरांइतकाच, खरं तर जास्तच. तो क्लांतिन सोडतोय. पण तुमच्या रक्तात एक विकर, म्हणजे एन्झाइम, जरा जास्त आहे. ते या तुकड्याला कातडीपर्यंत पोचायच्या आधीच कापून टाकतं. निरोप निघतो, पण निरोप्या वाटेतच मारला जातो. पट्टीला वाटतं, निरोपच नाही. तुमच्यासारखी शंभरात दोनतीन माणसं तरी असतील. पहिल्या चाचण्यांत अशी माणसं सापडली होती. आकडे जुळत नाहीत म्हणून त्यांना बाजूला काढलं. मी त्या चाचण्यांत होते. मीही सही केली होती."

हर्षदा त्या रेघेकडे बघत राहिली. आपण आळशी नव्हतो. सहा वर्षं आपण खरं बोलत होतो. मोठा आनंद व्हायला हवा होता. पण तिला पहिल्यांदा आठवलं ते घरंगळणारं पिवळं हेल्मेट.

अहवाल गेला. समितीने तिच्यावरचा ठपका काढून घेतला. पाटोळे स्वतः घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मला काय माहीत? मी तर आकडा बघितला." ती म्हणाली, "मीही तोच बघत होते, सर." चहा न घेताच तो गेला.

त्या आठवड्यात ती एकटीच बसने घाट उतरून वेताळखाडीला गेली. बंदराच्या बाहेर उभं राहून तिने पहिल्यांदा क्रेन पाहिली, खालून. तिचा आवाज ऐकला. लोखंडावर लोखंड टेकतं तेव्हा पायांखालची जमीन हादरते, हे तिला माहीत नव्हतं.

पिवळ्या हेल्मेटवाल्याचं नाव सुलेमान होडेकर होतं. वय पन्नाशीचं. घराच्या पडवीत तो बाजेवर बसला होता, उजवा पाय उशीवर. पुढचं अर्धं पाऊल उरलं नव्हतं. तिने आपण कोण ते सांगितलं. त्याची बायको दारातून आत निघून गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

"तो अहवाल आम्हाला वाचून दाखवला," सुलेमान म्हणाला. "तुमचा आकडा खोटा होता म्हणे."

"हो. मी दमले होते. सांगितलंही होतं. पण अकरा दिसल्यावर मलाच वाटलं की मी नाटक करतेय. मी खुर्चीत बसायला नको होतं."

तो समोरच्या नारळीकडे बघू लागला. मग म्हणाला, "माझा चौसष्ट होता त्या दिवशी."

हर्षदाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बाही खाली ओढून घेतली होती मी. साठच्या वर गेलं की सायरन वाजवून घरी पाठवतात. मी गेलो असतो तर माझ्या वाटचं जोडीदाराच्या अंगावर पडलं असतं. तो आधीच तापातून उठलेला." त्याने पाय किंचित हलवला आणि ओठ आवळले. "ताजा असतो तर पाय काढला असता वेळेत. दर वेळी काढतोच की."

"हे तुम्ही समितीला सांगितलं?"

"नाही. तुम्हाला सांगितलं." त्याने पायाखालची उशी सरळ केली. "तुम्ही आलात, बरं झालं. पण बाई, माफ केलं असं म्हणायला अजून जमणार नाही मला. जमलं की कळवीन."

तिने मान हलवली. परतीच्या बसमध्ये ती मागच्या बाकावर एकटी बसली. घाट चढेपर्यंत तिला कशाचाच विचार सुचला नाही.

चारपाच महिन्यांनी नवी पट्टी निघाली. हर्षदासारख्या रक्ताच्या माणसांसाठी ती क्लांतिनचे कापलेले तुकडेही मोजत असे. पट्टी लावली तेव्हा आकडा आला एकाहत्तर. विश्वजीत तो आकडा बघत उभा राहिला. त्याचा चेहरा पडला. तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला दोन्ही हात टेकून पाठमोरा उभा राहिला.

"एवढी वर्षं," तो शेवटी म्हणाला. "हर्षू, एवढी वर्षं मी बसून राहिलो."

"तुला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे."

आणि तो शब्दाला जागला. दुसऱ्या दिवसापासून घर उलटं झालं. तिचा आकडा जास्त, म्हणून तो उठायचा. आबांना कुशीवर वळवायला शिकला. पेज करपवली, पुन्हा केली. हर्षदाने बंदराची नोकरी सोडली आणि घरूनच नकाशे तपासायचं काम धरलं, निम्म्या वेळेचं. ती झोपू लागली. आकडा उतरत गेला. साठ, पन्नास, चाळीस. विश्वजीत रोज सकाळी तिचा हात हातात घेऊन बघायचा आणि हसायचा, वर्गातल्या कच्च्या मुलाची प्रगती बघावी तसा.

ती त्याच्यावर खूश होती. तरीही त्याने हात हातात घेतला की तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. तो तिच्याशी प्रेमाने वागत होता, पण ते प्रेम आधी पट्टीवर जाऊन मग तिच्याकडे येत होतं. पट्टीने अकरा म्हटलं तेव्हा याने अकरा मानलं. एकाहत्तर म्हटलं तेव्हा एकाहत्तर. मधल्या काळात जी बाई मी दमलेय म्हणत होती, तिच्यावर विश्वास ठेवायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. आता येणारही नव्हती.

असाच एक रविवार होता. जेवणं झाली होती. विश्वजीत परीक्षेचे पेपर तपासून उठला होता, त्याचा आकडा अठ्ठावन्न होता. हर्षदा आदल्या दिवशी भरपूर झोपली होती. सकाळी तिने काहीही केलं नव्हतं. आकडा बावीस.

आतल्या खोलीत आबांनी डाव्या तळव्याने खाटेवर थाप मारली. काहीतरी हवं असलं की ते तशी थाप मारायचे. विश्वजीतने तिच्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे तिने उठायचं होतं.

"मला उठवत नाहीये," हर्षदा म्हणाली.

"बरं नाही का?" त्याची नजर तिच्या हातावर गेली. "बावीस दाखवतंय. नवीन पट्टी आहे ना ही? बिघडली की काय हीपण?"

"नाही. पट्टी बरोबर आहे."

"मग?"

"मी दमलेय. मला पडायचंय."

"पण कशानं?"

तिने शोधून बघितलं. काल झोप झाली होती. काम नव्हतं. सुलेमान होडेकरांचा निरोप अजून आला नव्हता. कधीकधी उभ्याउभ्या जमीन हादरल्यासारखी वाटायची. यातल्या कशानेही आकडा बावीसच्या वर जात नव्हता, आणि तिला ते आकड्याने सिद्ध करायचंही नव्हतं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

विश्वजीतने आपला हात टेबलावर उताणा ठेवला. मग हळूच म्हणाला, "माझा अठ्ठावन्न आहे, हर्षू." त्यात तक्रार नव्हती. ताप किती आहे ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

"दिसतोय मला."

"मग आबांकडं कोण जाणार?"

"मला माहीत नाही," हर्षदा म्हणाली, आणि उठून खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

आजवर या घरात हे उत्तर कुणी दिलं नव्हतं. पडल्यापडल्या तिचं अंग ताठ झालं होतं. आबांची दुसरी थाप ऐकू आली. तिचा एक पाय आपोआप खाटेवरून खाली गेला. तिने तो वर घेतला. आपण बरोबर वागतोय असं तिला मुळीच वाटत नव्हतं. डॉक्टर इथे असत्या तर त्यांनीही यंत्रात बघून, बाई, तुम्ही ठीक आहात, असंच सांगितलं असतं. या घडीला ती दमली आहे असं मानणारं जगात एकच माणूस होतं, आणि तेही बिचकत मानत होतं. तिने डोळे मिटले. एकच का असेना, तिने त्या माणसाचं ऐकायचं ठरवलं.

तिसऱ्या थापेनंतर बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विश्वजीतची पावलं, जड, हळू. आत काहीतरी पडलं, बहुतेक पाण्याचा तांब्या. तो पुटपुटला. मग फडक्याने पुसल्याचा आवाज. हर्षदाचा जीव त्या आवाजाकडे ओढ घेत होता. ती उठली नाही. कधीतरी आवाज लांब गेले आणि तिला झोप लागली.

जागी झाली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. घर शांत होतं. ती बाहेर आली. ओट्यावर दुपारची भांडी तशीच होती, वरण वाळून कडांना चिकटलेलं. आबांच्या खोलीत विश्वजीत खुर्चीवर बसल्याबसल्याच झोपला होता, मान एका बाजूला कलली होती, हातात ओलं फडकं. आबा जागे होते. ते तिच्याकडे बघत होते.

आबांच्या हातावरही पट्टी होती. तिच्यावरचा आकडा कायम सत्तरच्या वर असे. दिवसभर पडून असलेला माणूस एवढा कशाने दमतो, याचं घरात सगळ्यांना नवल वाटे, आणि नवल वाटून झालं की विषय संपे. हर्षदा खाटेच्या कडेला बसली. तिने त्या हाताकडे बघितलं नाही. विश्वजीत जागा होऊ नये म्हणून हळू आवाजात विचारलं, "आबा, दमलात?"

आबांनी डोळे मिटले. तिला वाटलं, ते झोपणार. पण मग त्यांनी ते उघडले, पुन्हा मिटले, आणि मान खाली आणली. हो. डाव्या हाताने त्यांनी चादर चाचपडली आणि तिचं बोट धरलं. त्यांच्या ओठांतून काहीतरी निघालं. शब्द नव्हता, शब्दाच्या आधीचं काहीतरी होतं. बोलायला धडपडावं लागतं आणि तरी ते कुणाला कळत नाही, याने माणूस किती दमत असेल, हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

"मीपण," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या हाताकडे नाही, चेहऱ्याकडे. लकव्यापासून त्यांना पट्टीवरचा आकडा वाचता येत नसे.

खुर्चीतल्या विश्वजीतने कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसाच झोपून राहिला. त्याला उठवून पलंगावर जायला सांगायला हवं होतं. दिवा लावायला हवा होता. भांडी होती. हर्षदा यातल्या एकेका कामाकडे मनातल्या मनात जाऊन आली आणि प्रत्येकापाशी तिने त्याला सांगितलं, थोड्या वेळाने.

ती तिथेच बसून राहिली. आबांनी बोट सोडलं नाही. ऊन भिंतीवरून उतरून गेलं आणि खोलीत अंधार भरू लागला, तरी तिघांपैकी कुणीही उठलं नाही.